अग्निशमन, पोलीस आणि नागरिकांची देखरेख : आरशात आधी कोणी पाहायचे?

रास्तापेठकर

टॉवरवासी यांनी काल लिहिले की, अग्निशमन दलावर आणि पोलिसांवर नागरिकांची देखरेख समिती मागणे म्हणजे जिवावर उदार होऊन काम करणाऱ्यांचे पाय ओढणे होय, आणि ज्यांच्या गल्लीत बंब वळत नाही त्यांनी आधी आरशात पाहावे. एरवी मी गप्प बसलो असतो. परंतु गेल्या दिवाळीत फटाक्याच्या बाणाने शेजारच्या वाड्याचा माळा पेटला, तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशीच उभा होतो. बंब दहा मिनिटांत आला आणि पुढची पंधरा मिनिटे वळणावर अडकला, कारण तेथे एक टेम्पो आणि अकरा दुचाक्या होत्या. जवानांनी त्या एकेक करून उचलल्या; दोन मी उचलल्या.

नंतर आम्ही गल्लीत 'नो पार्किंग' मागितले. महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय म्हणाले की, तो आदेश वाहतूक पोलीस काढतात. वाहतूक शाखा म्हणाली की, आधी महापालिकेचा प्रस्ताव येऊ द्या. अग्निशमन केंद्राने चहा पाजला आणि सहानुभूती दाखवली. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत घातली, पोलीस गृहखात्याकडे राहिले, आणि आमची गल्ली या दोघांमधल्या फटीत सापडली. मार्च 2022 मध्ये पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर प्रशासकाचा कारभार सुरू झाला, म्हणजे त्या काळात भांडायला हक्काचा नगरसेवकही नव्हता. मला समिती हवी आहे ती या फटीवर, जवानाच्या शिडीवर नव्हे.

टॉवरवासी

आपल्या गल्लीतील अकरा दुचाक्या गृहखात्याने लावल्या नव्हत्या, हे आपणच लिहिलेत, त्याबद्दल आभार. समित्यांचा अनुभव मलाही आहे. गणपतीपूर्वी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तेच पाच पुढारी पहिल्या रांगेत, तोच चहा, तीच बिस्किटे, शेवटी फोटो. आपली समिती याहून वेगळी कशी निघेल? शिवाय महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतीतील यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म 'ब', म्हणजे यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, द्यायचा असतो. किती सोसायट्या तो देतात?

सोसायटीचा सचिव

आमची सोसायटी तो नियमाने देते, म्हणूनच मला बोलावे लागते. परवानाधारक एजन्सी आम्हीच निवडतो, पैसे आम्हीच देतो आणि प्रमाणपत्रही आम्हालाच मिळते. मी सचिव झाल्यावर सहज म्हणून तिसऱ्या मजल्यावरची होज पेटी उघडली. नळीचे पितळी नोझल नव्हते. भंगारात त्याला भाव मिळतो म्हणे. त्या जागी एक झाडू, फिनेलची अर्धी बाटली आणि वॉचमनचा डबा होता, आणि डबा भरलेला होता. त्याच महिन्याच्या प्रमाणपत्रात सर्व यंत्रणा सुस्थितीत असल्याचे लिहिले होते. एजन्सीच्या माणसाला फोन केला, तेव्हा तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "साहेब, मागच्या कमिटीने कधी पेट्या उघडायला सांगितल्या नव्हत्या." आता मी आरशात पाहू की पेटीत?

जुना तांडेल

एकतीस वर्षे अग्निशमन दलात काढली, म्हणून चार शब्द. नागरिक आम्हाला जाब विचारतात याचे दुःख कधीच नव्हते. चुकीच्या दिवशी विचारतात याचे होते. 2015 च्या मे महिन्यात काळबादेवीच्या गोकुळ निवासाच्या आगीत मुंबई दलाचे चार अधिकारी गेले, त्यांत प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर होते. त्यानंतर आठवडाभर सगळा देश आमच्या गळ्यात हार घालत होता. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईतच कमला मिलच्या आगीत 14 माणसे गेली, आणि दुसऱ्याच दिवशी शहरभर बेकायदा बांधकामांवर हातोडे पडले. ती बांधकामे काही एका रात्रीत उभी राहिली नव्हती. आदल्या दिवशी कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी आमच्याकडे नोटीस पाठवण्यापलीकडे माणूसबळ कोठे असते? भरती होत नाही, निवृत्त होणाऱ्याची जागा रिकामी राहते. समिती नेमाच, पण तिने पहिला प्रश्न रिक्त पदांचा विचारावा.

आणि रास्तापेठकर, अकरा दुचाक्या म्हणजे काहीच नाही. भाद्रपदात पेठांतून बंब काढून दाखवा. एकदा मांडवाची कमान आडवी आली, म्हणून आम्ही बंब उलटा घेतला आणि नळ्या जोडत जोडत अर्धी गल्ली चालत गेलो.

कार्यकर्ता

आले का शेवटी मांडवावर! वर्षाचे दहा दिवस आमचा मांडव दिसतो आणि उरलेले दिवस त्याच जागी उभी असलेली चारचाकी कोणाला दिसत नाही. आम्ही महापालिकेची परवानगी घेतो, पोलिसांचे ना हरकत पत्र घेतो, वाळूच्या बादल्या ठेवतो, रात्री दोन पोरे जागवतो. टॉवरमधल्या मंडळींनी कधी वाळूची बादली पाहिली आहे काय?

टॉवरवासी

परवानगीत लिहिलेली रुंदी आणि प्रत्यक्ष मांडवाची रुंदी कधी टेप लावून मोजली आहे काय?

कार्यकर्ता

मोजायला या. येताना गाडी मात्र आमच्या गल्लीत लावू नका.

वर्दीतल्याची मुलगी

मांडवाचा विषय निघालाच आहे, तर त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाचेही ऐका. माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. विसर्जनाला ते सकाळी निघत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतत. बूट काढताना मोजा कातडीला चिकटलेला असे. आम्ही राहत होतो त्या पोलीस वसाहतीत पावसाळ्यात स्वयंपाकघरात तीन पातेली मांडावी लागत, आणि तक्रार करावी तर बांधकाम खाते वरिष्ठांकडे बोट दाखवी. त्या माणसावर कसली देखरेख ठेवता? आधी त्याच्या डोक्यावरचे छत बघा.

कोर्टकचेरी

आपल्या वडिलांविषयी आदर ठेवूनच लिहितो, की दमलेला शिपाई आणि कोठडीत मार खाल्लेला माणूस हे दोन्ही एकाच पोलीस ठाण्यात असू शकतात. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्यास सांगितले. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा बदलला, पण खालची पायरी जिल्ह्याऐवजी महसुली विभागाची केली. गडचिरोलीच्या माणसाने तक्रार घेऊन नागपूर गाठावे, असा त्याचा अर्थ. 2020 च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आणि त्यावर देखरेख समित्यांचा आदेश दिला. माझ्या एका अशिलाच्या प्रकरणात आम्ही चित्रण मागितले, तेव्हा नेमक्या त्याच रात्री कॅमेरा बंद असल्याचे लेखी उत्तर आले.

टॉवरवासी यांची शांतता समितीवरची टीका मात्र मला मान्य करावी लागते. तरीही भिवंडी विसरू नका. 1984 च्या दंगलीने होरपळलेल्या त्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढारी कमी आणि गल्लीतली साधी माणसे जास्त होती. 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

वर्दीतल्याची मुलगी

म्हणजे आपले उदाहरणही एका पोलीस अधिकाऱ्याचेच निघाले. छान.

कोर्टकचेरी

ते खरे आहे. त्यांची बदली झाल्यावर काय उरते, हाच माझा प्रश्न आहे; म्हणून मर्जी नको, कायदा हवा. आणि आपली तीन पातेली त्याच कायद्याखालच्या समितीपुढे यायला माझी हरकत नाही.

सोसायटीचा सचिव

इकडे भिवंडीपर्यंत जाऊन आलो, पण माझ्या पेटीचे काय? खासगी सोसायटीला निदान नोटीस तरी येते. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत 10 नवजात बालके गेली. ती इमारत सरकारी होती. तेथे मालकही सरकार आणि नोटीस काढणारेही सरकारच. टॉवरवासी, तेथे आरसा कोणाला दाखवायचा?

टॉवरवासी

भंडाऱ्याबद्दल वाद घालण्याइतका मी निर्लज्ज नाही. बाकी मतांवर ठाम आहे.

जुना तांडेल

ठाम राहा, पण एक काम करा. पंपखोलीत जाऊन पंपाचा स्विच 'ऑटो'वर आहे का ते पाहा. वीजबिल वाचवायला पुष्कळ ठिकाणी तो बंद करून ठेवतात. मग वरच्या मजल्यावरचा वाल्व उघडून दोन मिनिटे पाणी सोडा.

टॉवरवासी

आज सकाळी पाहिले. कोणी आनंदोत्सव करू नये. स्विच 'मॅन्युअल'वर होता, पंप तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाला आणि पाणी चौथ्या मजल्यापर्यंत चढले. मी अकराव्या मजल्यावर राहतो. आमचा जुलैचा फॉर्म 'ब' निष्कलंक आहे. समितीला माझा विरोध कायम आहे; मला फक्त इतकेच विचारायचे आहे की, या एजन्सीची तक्रार नेमकी कोणाकडे करायची असते?

रास्तापेठकर

परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवेचे संचालक देतात, त्यांचे कार्यालय मुंबईत आहे. एक प्रत आपल्या अग्निशमन केंद्रालाही द्या. तेथे चहा चांगला मिळतो. पोच मात्र मागून घ्यावी लागते.