ब्लॅककरंट म्हणून घेतलेल्या रोपाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. गुहागरजवळ आमच्या परसातील जांभ्या जमिनीत मी दोन वर्षांपूर्वी ब्लॅककरंट म्हणून विकत घेतलेले रोप लावले. परंतु ब्लॅककरंटला काटे नसतात आणि त्याचे पान चुरगळल्यास उग्र वास येतो, तर या रोपाला जोडकाटे असून फांदी मोडताच पांढरा चीक गळतो. हे आपले करवंदच असावे, असा माझा दाट संशय आहे (पैसे मात्र विलायती मोजले!). खऱ्या ब्लॅककरंटला फळधारणेसाठी हिवाळ्यात कित्येक आठवडे सुमारे ७ अंश सेल्सिअसखालची थंडी लागते, ती आपल्या किनाऱ्यावर मिळणे नाही. तेव्हा करवंदाचेच कुंपण करावे म्हणतो. त्यासाठी पिकल्या फळांतले ताजे बी पेरावे की छाट कलमे लावावीत, आणि दोन रोपांत किती अंतर ठेवावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.