मदत हवी आहे: वर्ड-एक्सेलमधला कोपायलट १२ कॉम्प्युटरवर एकदम कसा बंद करायचा?

ऑफिसात विंडोज ११ होमचे १२ कॉम्प्युटर आहेत, दिवसभर मराठी पत्रव्यवहाराचं काम. मजकुरात कोपायलटचं (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाचं) चिन्ह मध्येमध्ये नको आहे.

वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, कोपायलट इथे जाऊन 'इनेबल कोपायलट'ची खूण काढायची आणि वर्ड बंद करून उघडायचं, की काम होतं. पण ही खूण त्या प्रोग्रामपुरती आणि त्या कॉम्प्युटरपुरतीच असते. एक्सेल, पॉवरपॉइंट धरून ३६ वेळा तेच!

अकाउंट प्रायव्हसीतून मजकुराचं विश्लेषण करणाऱ्या सोयी बंद केल्या तरी कोपायलट जातो, पण सोबत टाइप करताना सुचणारे शब्दही जातात. ते हवे आहेत.

कृपया 'टर्न ऑफ विंडोज कोपायलट' ही पॉलिसी (विंडोजमधलं प्रशासकीय सेटिंग) सुचवू नका. ती विंडोजच्या जुन्या साइडबारसाठी आहे, ऑफिसच्या प्रोग्रामना लागू होत नाही. वेगळं कोपायलट अ‍ॅप सेटिंग्जमधून काढता येतं, त्याची अडचण नाही.

विंडोज होममध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर, म्हणजे अशा पॉलिसी बदलायचं साधन, मिळत नाही. तेव्हा 'इनेबल कोपायलट'च्या खुणेची रजिस्ट्रीतली (विंडोज जिथे सेटिंग्ज साठवतं तिथली) नेमकी नोंद कुणी सांगेल का? बॅच फाइलने (आज्ञा एकापाठोपाठ चालवणाऱ्या फाइलने) लावता येईल अशी. आणि ऑफिस अपडेट झाल्यावर ती टिकते का?