अनुभव धागा : इंदुरातली आमची चिलखतं

आपल्या कॉस्च्युम क्लबात नवी मंडळी बरीच आली आहेत आणि सुरुवात कशी झाली हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. म्हणून हा धागा. पहिला पोशाख कसा केला, काय बिघडलं, कोणी हात दिला, मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करतो.

मला वेड लावलं ते अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनातल्या दोन मित्रांनी. १९९७ मध्ये अल्बिन जॉन्सन 'स्टार वॉर्स'मधल्या पांढऱ्या शिपायाचं चिलखत चढवून थिएटरात गेला, तर लोकांनी टिंगल केली. पुढे मित्रही तसाच पोशाख करून सोबत आला आणि तेच लोक कौतुकाने बघू लागले. त्यातून उभी राहिलेली ५०१ वी लीजन ही असे पोशाख करणाऱ्यांची संघटना आज जगभर आहे. मीसुद्धा जोडीदार मिळेपर्यंत गच्चीबाहेर पडलो नव्हतो.

रामबागेतून
तो जोडीदार मीच! हेल्मेट काही केल्या गोल होईना, फोमच्या तीन शीट वाया गेल्या. आई शेजारी ब्लाउज बेतत होती. म्हणाली, "काय करून राहिला आहेस? सपाट कापडाला टक्स घेतल्याशिवाय गोलाई येते का?" तिने वर्तमानपत्रावर चार पाकळ्या काढून दिल्या. फोमला टक्स शिवत नाहीत. तेवढी पाचर कापून काढायची आणि कडा जोडायच्या. दोन्ही कडांना चिकटवायचं सोल्यूशन लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच दाबायचं. नंतर सरकवता येत नाही. मी थांबलो नाही, म्हणून मे महिन्यात चिलखताच्या खांद्याचे सांधे उकलले. शेवटी हीट गन फिरवली की फोमची छिद्रं मिटतात, मगच रंग. अजूनही नव्या सभासदाच्या हातात आम्ही आधी वर्तमानपत्र आणि कात्री देतो.

लोकमान्य नगरातून
मी आले तेव्हा क्लबात सात मुलगे होते. आल्या आल्या शिवण माझ्याकडे! फार राग आला. माझे बाबा अनंत चतुर्दशीच्या झांकीवर, म्हणजे चित्ररथावर, दिवे जोडायचे, त्यांच्या शेजारी बसून मी सोल्डरिंग शिकलेली. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या वर्ल्डकॉनला, म्हणजे विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या संमेलनाला, फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा चाहता भविष्यकाळातला वेश घालून गेला होता. तो वेश केला होता मर्टल डग्लसने, शिवाय स्वतःचाही तिनेच. नाव मात्र वर्षानुवर्षं त्याचंच पुढे. हे मी बैठकीत सांगितलं. तेव्हापासून आपल्याकडे फोटोखाली घालणाऱ्यासोबत करणाऱ्याचंही नाव येतं. क्लबातली ही पद्धत मला सगळ्यात प्रिय आहे. छातीवरच्या दिव्यांचं काम आता मी बघते.

राजवाड्याजवळून
मी पोशाख घालत नाही, सोबत चालतो. हेल्मेटच्या काचेतून पायाखालचं दिसत नाही आणि लहान मुलं नेमकी तिथेच असतात. एका कार्यक्रमात आयोजकांनी सावलीची सोय केली नव्हती, आपला एक जण चक्कर येऊन पडला. सोबत्याशिवाय हेल्मेट घालायचं नाही, हा नियम तेव्हाचा.

परवा मुलांच्या वॉर्डात गेलो होतो. सलाइन लावलेल्या एका चिमुरडीने हेल्मेटवर टकटक केली. "आत कोण आहे?" आत रामबागवाला होता. त्याने गुडघे टेकून हेल्मेट काढलं, केस घामाने कपाळाला चिकटलेले. तिने उशाचा टॉवेल ओढला आणि त्याच्यापुढे धरला.