मदत हवी आहे: डिसेंबर १८९९ मध्ये पडलेल्या सैनिकाच्या पदकावर फेब्रुवारी १९०० च्या लढाईची पट्टी (रिबनवरची धातूची क्लास्प) कशी?

मंडळी, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश-बोअर युद्धाच्या पदकांमधलं कळणारं कुणी आहे का इथे?

आम्ही स्कॉटलंडमध्ये डंडीला राहतो. शेजारच्या आजींकडे त्यांच्या आजोबांच्या थोरल्या भावाचं क्वीन्स साउथ आफ्रिका मेडल आहे. चांदीचं, कडेवर नंबर, नाव आणि ब्लॅक वॉच, म्हणजे त्याची स्कॉटिश रेजिमेंट. उजेडात तिरकं धरलं की ब्रिटानियाच्या (ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी) आकृतीशेजारी पुसट १८९९-१९०० दिसतं. युद्ध १९०० मध्येच आटपेल असं धरून साचा केला होता, ते १९०२ पर्यंत लांबलं, मग आकडे काढावे लागले!

घरात सांगतात की तो ११ डिसेंबर १८९९ ला मॅगर्सफाँटेनच्या लढाईत मारला गेला. हायलंड ब्रिगेड (ब्लॅक वॉच त्यातच होती) रात्री पावसात दाटीवाटीने चालत गेली. आदल्या दिवशी तोफांनी टेकडी भाजून काढली होती, पण बोअरांचे खंदक होते पायथ्याशी. उजाडायच्या आत गोळीबार सुरू झाला, ब्रिगेडचे जनरल वॉखोप स्वतः तिथेच पडले. वाचलेले दिवसभर उन्हात पालथे. किल्टमुळे (स्कॉटिश घागरा) गुडघ्यामागची कातडी सोलून निघाली.

मॅगर्सफाँटेनची वेगळी पट्टी काढलीच नव्हती आणि ते होतं केप कॉलनीत, त्यामुळे पदकावरची ‘केप कॉलनी’ पट्टी समजू शकते. पण वर ‘पार्डेबर्ग’ही आहे. ती लढाई फेब्रुवारी १९०० ची! मृतांच्या यादीत हे नाव आहे, पण मी पाहिलेल्या यादीत नंबर नाहीत. आडनाव इथे आपल्याकडच्या कुलकर्ण्यांइतकं सर्रास. पदक दुसऱ्याच कुणाचं असेल का?

नाणेघाटी: नावावर जाऊ नका, नंबर धरा. तोही रेजिमेंटसकट, कारण तेव्हा प्रत्येक रेजिमेंटचे नंबर वेगळे चालत. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ १०० ही पदकांची नोंदवही आहे, त्यात कुणाला कोणत्या पट्ट्या दिल्या ते मिळतं. पट्ट्या एकमेकींना रिव्हेटने (धातूच्या खिळ्यांनी) जोडल्यात का बघा. आणि पितांबरीने घासू नका हो, कडेवरची अक्षरं झिजली तर पुरावाच गेला.

धागाकर्ती: आभार! आत्ताच पाहून आले. केप कॉलनी घट्ट बसलेली आहे, पार्डेबर्ग मात्र बारीक तारेने बांधलीय. म्हणजे नंतर कुणीतरी चढवली?

नाणेघाटी: संशय तोच, पण तारेवरून ठरवू नका. उशिरा मिळालेल्या खऱ्या पट्ट्याही लोक अशाच अडकवत. नोंदवही बघा आधी.