हॉलच्या अँपचा आवाज बारीक येतोय

सेक्रेटरी: हॉलमधल्या अँपचे (अ‍ॅम्प्लिफायरचे) दोन्ही नॉब पूर्ण उघडलेत, तरी मागच्या रांगेत काही ऐकू जात नाही. दुरुस्तीला टाकायचा का?

सी-५०१: दुरुस्ती कसली! दुप्पट वॅटचा नवा घेऊन टाका 👍

ए-२०३: काका, जरा थांबा. दुप्पट वॅट म्हणजे आवाज फक्त ३ डीबी (डेसिबल) जास्त, कानाला जेमतेम जाणवेल इतकंच. तेही आत्ताचा अँप पूर्ण ताकदीनं चालत असेल तर. क्लिपचा लाल दिवा, म्हणजे अँपची ताकद संपल्याची खूण, लागतो का?

सेक्रेटरी: कधीच नाही. सिग्नलचा हिरवा अधूनमधून लुकलुकतो.

ए-२०३: म्हणजे अँप उपाशी आहे. आत सिग्नलच कमी जातोय. तो नॉब पॉवर वाढवत नाही, आलेला सिग्नल किती अडवायचा तेवढं ठरवतो.

बी-१०४: अजून एक. गाणं लावलं की वाजप ऐकू येतं, पण गाणारीचा आवाज जवळजवळ गायब. मला वाटलं मुलांनी कराओके लावलंय 😄

ए-२०३: ताई, सगळं गुपित यातच आहे! लॅपटॉप थेट अँपला जोडलाय ना? अँपकडच्या मोठ्या जॅकवर काळे पट्टे किती?

बी-१०४: दोन.

ए-२०३: मग तो स्टीरिओ जॅक. अँपचा इनपुट बॅलन्स्ड असतो: टोकावर जे येतं त्यातून मधल्या रिंगवरचं वजा करतो. मायक्रोफोनच्या लांब वायरीत दोन्ही तारांवर सारखीच शिरणारी गुणगुण त्यामुळे कटते, म्हणून ती सोय. पण इथे टोकावर डावा आणि रिंगवर उजवा चॅनल आलाय. गाणारीचा आवाज बहुतेक दोन्हींत सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत तोच उडतो. भाषणाची रेकॉर्डिंग लावलीत तर जवळपास शांतताच!

सेक्रेटरी: उपाय?

ए-२०३: एकीकडे छोटा स्टीरिओ प्लग, दुसरीकडे दोन मोनो जॅक अशी वायर घ्या. डावा ए चॅनलला, उजवा बी-ला. लावताना अँप बंद.

सेक्रेटरी: लावली. गाणारी परत आली 🙏 आवाज मात्र अजून थोडा कमी.

ए-२०३: अँपच्या मागे सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे पूर्ण ताकदीसाठी किती व्होल्टचा सिग्नल लागेल ते ठरवणारा, स्विच बघा. १.४ व्होल्टवर असेल.

सेक्रेटरी: हो, १.४ आणि ०.७७५.

ए-२०३: ०.७७५ वर घ्या, आधी नॉब शून्यावर आणून. मिक्सरसारखी व्यावसायिक उपकरणं साधारण १.२३ व्होल्टच्या हिशेबानं बनतात, घरगुती ०.३१६ च्या. फरक जवळपास १२ डीबीचा. या स्विचनं ५ डीबी परत मिळतील, म्हणजे काकांच्या नव्या अँपपेक्षा जास्त. मागचा 'स्स्स' आवाज किंचित वाढेल, तेवढं चालेल.

सी-५०१: बरं बाबा. पण कोपऱ्यातला एक स्पीकर तरीही पुटपुटतोय.

ए-२०३: त्याच्या मागच्या लेबलवर काय आहे?

सी-५०१: १०० व्होल्ट, १० वॅट. शेजारी फिरवायचं बटण.

ए-२०३: तो लाइन ट्रान्सफॉर्मरचा, १०० व्होल्टच्या लाइनवर चालणारा. त्या खुणेवर तो अँपला १००० ओहम, म्हणजे खूप जास्त अडथळा, दिसतो, मग पॉवर कुठून मिळणार? बटणावर ८ ओहमची खूण आहे?

सी-५०१: आहे. फिरवू?

ए-२०३: अँप बंद करून. पण त्याच चॅनलवर आधीचा ८ ओहमचा स्पीकर असेल, तर दोन्ही मिळून ४ होतील. अँपच्या मागे किमान किती ओहम लिहिलेत त्याचा फोटो आधी टाका, मग सांगतो.