आधी आपलं बघा, मग बाहेरच्यांना द्या?

एकांनी लिहिलंय की आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याचे टँकर लागतात आणि सरकारने भूकंपानंतर तुर्कस्तानला मदत कशाला पाठवली. टँकरचा त्रास आमच्या सोलापूरलाही आहेच, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा राग येतो मान्य, पण म्हणून दुसऱ्याला द्यायचंच नाही हे मला अजिबात पटत नाही.

आमच्या सोलापूरच्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे बघा. जपानने चीनवर हल्ला केल्यावर १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर तिकडे गेले, त्यातले एक हे आपले सोलापूरचे. तेव्हा आपण स्वतः इंग्रजांच्या ताब्यात होतो, देशात गरिबी केवढी, तरी लोकांनी वर्गणी काढून हे पथक पाठवलं. बाकीचे परत आले पण कोटणीस तिथेच राहिले, जखमी सैनिकांवर ऑपरेशनं करत करत १९४२ ला गेले, वय फक्त ३२. शाळेत असताना सरांनी त्या स्मारकात नेलं होतं, ते अजून डोक्यातून जात नाही.

आणि घेतानाचंही आठवा ना. २०२१ ला कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी आपण धावत होतो तेव्हा केनियाने १२ टन चहा, कॉफी, शेंगदाणे पाठवले होते. केनिया काय श्रीमंत देश आहे का? काही लोकांनी त्यांची टिंगल केली, मला तर वाचून फार वाईट वाटलं होतं.

२०२३ च्या भूकंपात आपली एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पोरं तुर्कस्तानात ढिगारे उपसत होती, त्याने आपल्याकडचा एकही टँकर कमी झालेला नाही हो.