अनुभव धागा : दिव्यांग दाखल्याच्या तपासणीला माणूस न्यायचा कसा?

दाखल्याला कोणते कागद लागतात हे सगळीकडे सापडतं. मला विचारायचंय ते त्याच्या आधलं. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर घरबसल्या भरता येतो, फोटोही तिथेच चढतो. तपासणीला मात्र माणूस इस्पितळातल्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर हजर लागतो. ज्याला चालताच येत नाही त्याला तुम्ही कसं नेलंत, तेवढं लिहा. इस्पितळांची आणि डॉक्टरांची नावं नकोत.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. घर कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, रस्त्यापासून बरंच खाली. वाट चिऱ्यांच्या पायऱ्यांची आणि पावसात शेवाळलेली. 108ची गाडी तातडीच्या रुग्णासाठी असते, दाखल्यासाठी ती मागणं बरं दिसत नाही. मग हातांची प्लास्टिक खुर्ची घेतली, मामांना, म्हणजे सासऱ्यांना, पंच्याने कमरेशी बांधलं आणि वाड्यावरच्या चौघांनी त्यांना वर आणलं. एका ठिकाणी खुर्चीचा पाय वाकला. मामा म्हणाले, "मला खाली ठेवा, दाखलो नाका." टॅक्सीत बसवायचं म्हणजे आधी पाठ, मग डावा पाय आणि उजवा पाय आपण उचलून आत घ्यायचा. हे ड्रायव्हरला माहीत नव्हतं, मलाही त्याच दिवशी कळलं.

तिथे पोचलो तर बोर्डाची खोली वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. शेवटी एक तरुण डॉक्टर स्वतः खाली आले. त्यांनी हात दाबायला लावला, पाय उचलायला लावला, गुडघ्याला कोनमापक लावून बघितलं. दहा मिनिटांत काम झालं. ही दहा मिनिटं आमच्या तालुक्याच्या गावी वाळपईत किंवा आमच्या अंगणात का होऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं.

दिवाडची बाय
आमचं बेट, त्यामुळे आधी फेरीबोट. ओहोटीला बोटीची फळी धक्क्यावर तिरकी पडते आणि व्हीलचेअर पुढे घसरते. म्हणून मी आईला उलटं उतरवते. मी खाली, खुर्चीची पाठ माझ्या पोटाशी, वर एक जण खुर्ची पुढून धरून. फेरीवरची माणसं न सांगता हात देतात, हे लिहायलाच हवं. बोर्डाची वेळ मात्र भरती-ओहोटी बघून ठरत नाही.

तीनचाकी
लहानपणचा पोलिओ. बाजूला चाकं लावलेली स्कूटर आहे, त्यामुळे प्रवासाची तक्रार नाही. माझी अडचण सांगायला जरा लाज वाटते, तरी लिहितो. तपासणीच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही. तिथल्या संडासाचं दार खुर्चीपेक्षा अरुंद आहे, आत जायचं तर फरशीवरून सरपटत. रॅम्प आहे, पण इतका उभा की मागून ढकलणारा दमतो. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, हे बांधकामवाल्याला माहीत नसेल असं नाही. पणजीत 2023च्या जानेवारीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला, तेव्हा मी बिनधास्त फिरलो होतो. म्हणजे करायचं म्हटलं तर जमतं.

साखळीची आई
मुलाला स्नायूंचा आजार आहे, दिवसेंदिवस वाढणारा. दाखला मुदतीचा मिळाला. मी चिडले, पण डॉक्टरांनी समजावलं की पुढे अपंगत्वाची टक्केवारी वाढेल, आज कायमचा दिला तर त्याचंच नुकसान. पटलं. पण आता तो मोठा झालाय, उचलायला दोन माणसं लागतात. म्हणजे जितकी टक्केवारी जास्त तितकं नेणं अवघड, आणि नेल्याशिवाय टक्केवारी वाढत नाही.

स्पष्टवक्ता
राग मानू नका, पण घरी येऊन तपासायला लागले तर खोटे दाखले वाढतील. आमच्या वाड्यावर एक जण लंगडत दाखला घेऊन आला आणि आता फुटबॉल खेळतो.

साखळीची आई
दादा, फुटबॉल खेळणारा बोर्डासमोर चालतच गेला होता ना? मग घरी येण्याने काय बिघडणार?

निवृत्त कारकून
वाद बाजूला ठेवून दोन कामाच्या गोष्टी. दिव्यांग हक्क कायदा 2016चा. त्याच्या नियमांप्रमाणे अर्ज राहत्या जिल्ह्यातच करावा लागतो असं नाही, ज्या सरकारी इस्पितळात उपचार झाले तिथेही करता येतो. माझ्या मेहुण्याचा पाय मधुमेहाने कापावा लागला. जखम दाखवायला जायचंच होतं, त्याच दिवशी तपासणीही मागून घेतली. एकाच गाडीभाड्यात दोन्ही कामं झाली. पक्षाघाताला हे लागलीच जमेल असं नाही, आम्हाला शेजारच्या रुग्णासाठी "काही महिने थांबा, सुधारणा बघू" असं सांगितलं होतं.
दुसरं, दाखला नाकारला तर कारण लेखी मागा. ते द्यावंच लागतं, अपिलाला तेच उपयोगी पडतं. बहुतेक सवलतींची रेषा 40 टक्क्यांवर आहे, त्यामुळे 38 आले तर गप्प बसू नका.

पेडण्याची सून
दाखला मिळाला म्हणजे सुटलो असं नाही हं. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आमच्या पंचायतीतला माणूस घरी आला, त्यांच्याशी दोन शब्द बोलला, चहा घेऊन गेला. काम झालं. सगळीकडे असा माणूस भेटेलच याची खात्री नाही.

धागाकर्ती
कारकूनकाका, आभार. उपचार झालेल्या इस्पितळाचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. या सगळ्यावरून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांना एक निवेदन लिहायला घेतलंय. मागण्या दोनच : तपासणी तळमजल्यावर आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तालुक्याच्या आरोग्य केंद्रात ठरलेला दिवस. तीनचाकी, संडासाच्या दाराचं माप टेपने घेऊन कळवाल का? आणि काणकोण, सांगे भागातून अजून कुणीच लिहिलेलं नाही. तिथून मडगावपर्यंत पेशंट न्यायला गाडीवाले किती घेतात?